गाडीला जुंपायचा पहिलाच मिनिएचर घोडा: शिकलेला घ्यावा की लहान घेऊन शिकवावा?

ओहायोकर_बाबा
आम्ही ओहायोत होम्स काउंटीपासून पाऊण तासावर राहतो, अडीच एकर जागा आहे, रस्त्यावर आमिश लोकांच्या (मोटारीऐवजी घोडागाडी वापरणारा ख्रिस्ती पंथ) बग्ग्या रोज दिसतात. लेक 11 वर्षांची, तिला आणि मलाही गाडी हाकायची हौस, म्हणून गेले 8 महिने दर शनिवारी एका बाईंकडे शिकायला जातोय. आता स्वतःचा घोडा घ्यायचा म्हणतोय, मिनिएचर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन 34 इंचापर्यंतचाच घोडा धरते आणि उंची मोजतात ती अयाळीचा शेवटचा केस संपतो तिथे, दुसऱ्या एका रजिस्ट्रीत 38 इंचापर्यंत चालतो. पाठीवर फार तर लहान पोर बसेल, पण दोन चाकांची हलकी गाडी एका मोठ्या माणसासकट सपाटीवर मजेत ओढतो.

माझं मत सांगतो, मग तुम्ही भांडा. नवशिक्याने शिकलेलाच घ्यावा, दहा-पंधरा वर्षांचा, गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला, रंगरूप कसंही चालेल. हे घोडे पंचवीस-तीस वर्षं जगतात त्यामुळे पंधरा म्हणजे म्हातारा नव्हे. आणि जाहिरातीतल्या 'ड्राइव्ह ट्रेन्ड' (गाडीला शिकवलेला) या दोन शब्दांवर अजिबात जाऊ नये, घोडा जुंपताना डोळ्यांनी बघावा.

या महिन्यात दोन बघितले. पहिला सहा वर्षांचा, पांढरा-तांबडा, लेक तर बघताक्षणी प्रेमात. आम्ही पोचलो तेव्हा साज आधीच चढवलेला, अंगाला घाम. जुंपताना एक माणूस तोंडाशी लगाम घट्ट धरून उभा, आणि गाडीची दांडी बरगडीला लागली की घोडा मागचा भाग बाजूला फेकायचा, तीनदा फेकला. विकणारा म्हणतो आज वारा आहे म्हणून. दुसरा 14 वर्षांचा, काळपट, पोट सुटलेलं. मालकीणबाईंनी कुरणातून आमच्यासमोर आणला, एकटीने साज घातला, गाडी मागून ओढत आणून जोडली, तो कान हलवत उभा. शेजारून ट्रॅक्टर गेला, तरी एक पाय ढिला सोडून तसाच उभा. मग त्या गाडीत बसल्या आणि लगाम सैल सोडून माझ्याशी बोलत राहिल्या, चांगली तीन-चार मिनिटं, घोडा एक पाऊल पुढे नाही. किंमत पहिल्याच्या अडीचपट. मी म्हणतो ते पैसे त्या तीन-चार मिनिटांचे आहेत.

जर्सीची_सई
नाही पटलं. शिकलेला घोडा हा दुसऱ्याच्या हाताला शिकलेला असतो. आमच्या ओळखीत एकांनी असाच तयार, महागाचा घेतला, यांचे हात जड, लगाम कायम ताणलेला, सहा महिन्यांत तो घोडा कडियाळ (तोंडातली लगामाची लोखंडी कडी) चावत मान वर करून पळायला लागला, मग बोल लावला घोड्याला. मी दोन वर्षांची घोडी घेतली, अगदी कोरी. तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत गाडी दाखवलीसुद्धा नाही. आधी नुसतं बरोबर चालणं, मग लांब लगाम घेऊन मी मागून चालायचे, रस्ता, पूल, कचऱ्याचे डबे सगळं, मग प्लास्टिकचे पाइप मागे ओढवले म्हणजे आवाजाची भीती जावी. दीड वर्ष लागलं पण आज तिला काय खटकतं ते मला तिच्या कानावरून कळतं, हे विकत मिळत नाही.

ओहायोकर_बाबा
सईताई, एकट्याने केलंत का हे?

जर्सीची_सई
नाही, ट्रेनर आठवड्यातून दोनदा यायची. पहिले दहा-बारा वेळा गाडीला तिनेच जुंपली.

ओहायोकर_बाबा
मग तुमच्याकडे शिकलेलं कुणीतरी होतंच की, फक्त ते दोन पायांचं होतं. माझी बाजू तीच आहे, दोघांपैकी एकाला तरी यायला हवं, माणूस कोरा आणि घोडाही कोरा असं नको.

टेक्सासवाला
मी तेच केलं होतं, दोघंही कोरे, म्हणून लिहितोय. चार वर्षांचा घोडा, स्वस्त मिळाला. फेरी चांगली झाली, अंगणात आलो, त्याच्या कानाखाली घाम साठलेला बघून दया आली आणि मी आधी तोंडावरचा साज काढला, गाडी अजून मागे जोडलेली. झापडं निघाली आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा ते चाकवालं धूड आपल्या पाठीला चिकटलेलं दिसलं. जो उधळला तो कुंपणापर्यंत, एक चाक खांबाला अडकून निखळलं, दांडी मोडली, घोड्याच्या मांडीला वीतभर चीर. तो जगला पण परत गाडीला उभा राहिला नाही. गाडी सोडवल्याशिवाय तोंडावरचा साज काढायचा नाही हे ज्याला माहीत आहे तो म्हणेल एवढं साधं कसं कळलं नाही, पण मला सांगणारं कुणी नव्हतं. शिकलेला घ्या हो. आणि तो शिकलेला असला तरी तुम्ही शिकत राहा.

पर्वतीकर
मला मूळ प्रश्नच खटकतो. इतक्या लहान जनावराला गाडी ओढायला लावायचीच कशाला? मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 साली हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या, घोड्यांचे हाल बघूनच ना.

मिरजेचा_नातू
पर्वतीकर, त्या घोड्यांचे हाल खरे होते, डांबरावर तासन्‌तास, राहायला धड जागा नाही. पण त्यावरून प्रत्येक जुंपणं वाईट म्हणू नका. आमच्या आजोबांचा मिरज स्टेशनला टांगा होता, घोड्याला पाणी पाजल्याशिवाय स्वतः चहा घ्यायचे नाहीत. नवं घोडं घ्यायचं तर विकणाऱ्याला म्हणायचे, तू हाक, मी शेजारी बसतो, मग मी हाकतो, तू खाली उतर. तू उतरल्यावरही घोडं तसंच चाललं तर व्यवहार. ओहायोकर, तुमची लेक हाकेल तेव्हा त्या काळ्या घोड्याच्या मालकीणबाई गाडीत नकोत, हे करून बघितलंत का?

ओहायोकर_बाबा
नाही बघितलं, बरोबर बोललात. बाई सगळा वेळ गाडीतच होत्या.

पर्वतीकर, वजनाचं मी बघतोय. गाडी धरून सगळा भार त्याच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास ठेवायचा, चढ कमी, उन्हात नाही. उलट या जातीला बसून खाणंच जास्त बाधतं, हिरव्या कुरणावर मोकळा सोडला की चरबी चढते आणि खूर आतून सुजतात, पाऊल टाकता येत नाही. त्याला रोज अर्धा तास दुडकी मिळाली तर ती त्याच्या भल्याची आहे असं मी मनापासून मानतो.

जर्सीची_सई
मग काळ्याचं पोट सुटलंय म्हणालात ते हलक्यात घेऊ नका. तुमचा स्वतःचा व्हेट न्या, विकणाऱ्याचा नको. खूर, दात, आणि मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी अडकते का ते वळवून बघायला सांगा, मिनिएचरमध्ये हे बरंच सापडतं. कॉगिन्सचा रिपोर्ट मागा, म्हणजे घोड्यांच्या एका संसर्गजन्य आजारासाठीची रक्ततपासणी. मी अजूनही माझ्या मतावर आहे, पण घेताय तर नीट घ्या.

ओहायोकर_बाबा
व्हेटची वेळ शनिवारी सकाळची मिळाली. लेकीला एकटीला हाकू द्यायचं बाईंना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या खुशाल, मी फाटकाशी उभी राहते.

टेक्सासवाला
त्याचा साज आणि गाडी सोबत देतायत का तेही विचारा. सवयीचा, मापाचा साज असला की पहिले दोन महिने सोपे जातात. आणि लेकीला हेल्मेट.