वेठ, पिळवणूक, जाच, दडपशाही: सगळ्याला ‘अत्याचार’च म्हणायचं का?

पांझराकाठ (धुळे)
मजुरांना अर्ज लिहून द्यायचं काम मी करतो. अर्ज कुणाचाही असो, विषय ठरलेला: ‘आमच्यावरील अत्याचाराबाबत’. आत मात्र तीन वेगळ्याच गोष्टी. एकाला उचल फिटली तरी मुकादम ऊसतोडीवरून घरी येऊ देत नाही. दुसऱ्याची शेती सावकारानं खरेदीखत करून घेतलीय. तिसरीला सासरी जाच आहे.

आपल्या भाषेत या तिन्हींना वेगळी नावं आहेत. फुकट किंवा कर्जापोटी राबवून घेणं ही वेठबिगार. मालमत्तेला लुबाडणं ही नागवणूक. जाच घरातला, रोजचा, बाहेरच्याला न दिसणारा. छळात मुद्दाम, पुन्हापुन्हा करणं येतं. दडपशाहीला सत्ता लागते, शेजारी शेजाऱ्यावर दडपशाही करत नाही. बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं तर ती मुस्कटदाबी. ‘जुलूम’ एकेकाळी जबर होता, आता ‘जुलमाचा रामराम’पर्यंत उतरलाय.

हा फरक कामाचा आहे. वेठबिगारीचा अर्ज 1976 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि मुक्तीचं प्रमाणपत्र मिळतं. अवैध सावकारीचा 2014 च्या कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे, आणि बळकावलेली जमीन परत करायचा आदेश तिथून निघू शकतो. घरातल्या हिंसेसाठी 2005 चा कायदा आणि संरक्षण अधिकारी आहेत. सगळीकडे ‘अत्याचार’ लिहिलं की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

सातपुडा (तळोदा)
तुमची तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी 1989 चा कायदा झाला, त्याच्या नावातच ‘अत्याचार’ आहे. आणि त्यात फक्त मारहाण नाही. जमिनीवरून बेकायदा हुसकावणं आणि बिगारीला लावणं हेसुद्धा त्यात गुन्हेच आहेत. भिल्ल किंवा पावरा मजुराच्या अर्जावर तुम्ही नुसतं ‘पिळवणूक’ लिहिलंत तर ठाण्यात म्हणतील, मजुरीचा वाद आहे, कामगार खात्यात जा. आमच्याकडे शब्द सौम्य करून प्रकरण सौम्य करायची जुनी रीत आहे. ‘त्रास’, ‘किरकोळ वाद’, ‘आपसातलं’. बळी तो कान पिळी, आणि वर पिळण्याला नाव कोणतं द्यायचं तेही त्यानंच ठरवायचं? जड शब्द हातचा सोडू नये.

कापूसपट्टा (चोपडा)
सातपुडा यांच्याशी सहमत. सामान्य माणसाला एवढा कीस काढणं परवडत नाही.

वार्ताहर (जळगाव)
एका मुद्द्यावर पांझराकाठ यांच्या बाजूनं. मराठी वर्तमानपत्रांत ‘तरुणीवर अत्याचार’ म्हटलं की वाचक बलात्कार समजतो, कारण आम्हीच वर्षानुवर्षं तसं छापलं. म्हणजे एकीकडे हा शब्द बलात्कारावर पांघरूण घालतो आणि दुसरीकडे मजुरी बुडवण्यालाही तोच. दोन्ही बातम्यांचं वजन जातं. बलात्काराला बलात्कार म्हणा, मजुरी बुडवण्याला मजुरी बुडवणं.

सालदाराची नात (शहादा)
पांझराकाठ आणि सातपुडा, तुम्हा दोघांच्याही बोलण्यातून एक शब्द निसटला: ‘शोषण’. माझे आजोबा सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, ते पुढच्या आखाजीपर्यंत. रात्रीचं पाणी, गोठा, मालकाच्या घरचं लग्न, सगळं त्याच सालात. आजारी पडलं की खाडा धरायचे, खाड्याचे पैसे अंगावर चढायचे आणि पुढचं साल त्याच घरी करावं लागायचं. मालक हात उगारत नव्हता, म्हणून अत्याचार म्हणता येईना. ठरलेलं धान्य देत होता, म्हणून वेठ म्हणता येईना. जाच, छळ यांना करणारा माणूस वाईट असावा लागतो. आमचा मालक गावात भला म्हणून ओळखला जायचा.

1970 च्या सुमारास आमच्या भागात आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना एकत्र केलं, 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा ‘शोषण’ हा शब्द सभांमधून घरात आला. मोर्चात घोषणा द्यायला तो शिकावा लागला, पण त्यानं जे दाखवलं ते दुसऱ्या शब्दानं दाखवलं नव्हतं: मालक भला असला तरी साल ही रीतच माणसाला पिळते. आता लोक त्याला पुस्तकी म्हणून बाजूला सारतात, याचं मला वाईट वाटतं.

पांझराकाठ (धुळे)
ताई, ‘शोषण’ पुस्तकी आहे असं मी म्हणणार नाही. पण अर्जात ते कुठे बसवायचं? शोषणाविरुद्ध अर्ज घेणारं टेबल नाही.

सालदाराची नात (शहादा)
संविधानात आहे ना, दादा. 23 वं कलम ‘शोषणाविरुद्धचा हक्क’ याच मथळ्याखाली येतं आणि वेठबिगारीला मनाई करतं. अर्जात वर वेठबिगार लिहा, पण सभेत शोषण म्हणा. सुटका एकाची करायची असते, रीत सगळ्यांची मोडायची असते.

सातपुडा (तळोदा)
आणि मजूर जमातीचा असेल तर 1989 च्या कायद्याचं नाव त्याच अर्जात लिहा. पांझराकाठ, तुमच्या ऊसतोडीवाल्याचा अर्ज नुसत्या वेठबिगारीचा गेलाय की दोन्ही कायद्यांखाली?

पांझराकाठ (धुळे)
नुसत्या वेठबिगारीचा. तो भिल्ल आहे. पुरवणी अर्ज सोमवारी देतो, पण विषयाच्या ओळीत वेठबिगार आधीच राहील, त्यावर मी ठाम आहे.