कोजागिरी क्विझ, प्रश्न १४ (स्लाउ, इंग्लंड: आमच्या इमारतीचा ग्रुप)

जोशीकाका (फ्लॅट ३): काल सर्वांसमोर वाद नको म्हणून गप्प बसलो. प्रश्न १४: "१९६३ साली बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेत डालेकचा, त्या डब्यासारख्या यांत्रिक खलनायकाचा, आवाज कोणाचा?" आमच्या टेबलाने डेव्हिड ग्रॅहम लिहिलं. शून्य गुण. उत्तर म्हणे पीटर हॉकिन्स. अहो, आवाज दोघांचे होते! अर्धा गुण तरी द्या. अर्ध्याच गुणाने आमचा पहिला नंबर गेलाय.

मेघना (फ्लॅट ८): काका, निकाल जाहीर झालाय. कार्डावर एकच नाव होतं 🙏

सचिन (फ्लॅट ९): कार्ड कोणी छापलं तेही जाहीर करा 😄

मेघना: पुढच्या वर्षी तूच छाप. मीटिंगला तर कधी दिसत नाहीस.

अनघा (फ्लॅट ११): काकांचं बरोबर आहे. आवाज देणारे दोघं स्टुडिओच्या कडेला माइकवर बोलायचे. डब्यात बसलेली माणसं वेगळी. ती पायाने डबा ढकलायची आणि वाक्याच्या लयीत बटण दाबून डोक्यावरचे दिवे लुकलुकवायची. म्हणजे आतल्यांनाही संवाद पाठ लागायचे. दिवा मागे पडला की कुठला डालेक बोलतोय तेच कळायचं नाही.

जोशीकाका: हेच म्हणतोय. अर्धा गुण.

वैद्य (फ्लॅट २): पार्किंग बे ६ समोर करडी गाडी कोणाची? तिसऱ्यांदा विचारतोय.

सचिन: गुलाबी, सहा चाकांची रोल्स-रॉइस असेल तर तिच्या ड्रायव्हरला, पार्करला फोन लावा.

वैद्य: मस्करी नको. सव्वानऊला निघायचंय.

अनघा: पार्करही ग्रॅहमच बरं का! 'थंडरबर्ड्स' या बाहुल्यांच्या टीव्ही मालिकेत पार्कर, ब्रेन्स, गॉर्डन आणि किरानो, चौघं त्याचे. शूटिंग इथलंच, आपल्या स्लाउ ट्रेडिंग इस्टेटमधलं, १९६४ ते ६६. पार्करची बोली आली कुकमच्या एका पबमधून. तिथला वेटर पूर्वी राजघराण्याच्या नोकरीत होता. साहेबी बोलायला जायचा, मग जिथे 'ह' हवा तिथे गाळायचा आणि नको तिथे घालायचा. निर्माता गेरी ॲंडरसनने ग्रॅहमला मुद्दाम तिथे जेवायला नेलं, कान देऊन ऐक म्हणाला.

देशपांडे (फ्लॅट ५): माफ करा, पण बाहुलीमागे बोलायचं यात अभिनय कसला? शेवटी डबिंगच.

अनघा: डबिंगच्या बरोबर उलट, देशपांडे साहेब. डबिंगमध्ये ओठ आधी, आवाज नंतर. इथे आवाज आधी. नट टेपवर संपूर्ण भाग रेकॉर्ड करायचे, मग सेटवर ती टेप वाजायची. तिच्या आवाजावरून विजेचे ठोके तयार व्हायचे आणि केसासारख्या बारीक टंगस्टनच्या तारांतून बाहुलीच्या डोक्यातल्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकी गुंडाळीला, जायचे. ठोका आला की खालचा ओठ खाली. बस, उघड किंवा मीट. 'ओ' आणि 'ई'ला तोंड एकच! राग, भीती, खवचटपणा सगळं आवाजातच भरावं लागायचं, चेहरा काही मदत करत नव्हता. त्या सोलेनॉइडला जागा हवी म्हणून डोकी शरीराच्या मानाने मोठी. १९६७ च्या 'कॅप्टन स्कार्लेट' मालिकेत तो छातीत नेला तेव्हा कुठे डोकी प्रमाणात आली.

सचिन: आणि चालताना लडखडायची, म्हणून सारखी कुठल्या ना कुठल्या यानात बसवलेली 😄

अनघा: ते खरं आहे. दिग्दर्शकांनी चालणं टाळायचे शंभर मार्ग शोधले होते.

देशपांडे: ठीक. पण चार पात्रं एकाने करणं ही काटकसर झाली.

अनघा: काटकसर होतीच, कोण नाही म्हणतंय? पण ब्रेन्स आणि पार्कर शेजारी ऐका. ब्रेन्स अडखळत बोलतो, श्वास वरच्या वर. पार्कर नाकातून, सावकाश. एकच माणूस आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

जोशीकाका: तर अशा माणसाच्या नावाला शून्य गुण. अर्धा द्या.

मेघना: काका, तुमचा मुद्दा पोचला. चार वेळा पोचला.

रेवती (फ्लॅट १): थांबा, हा तोच ना, पेपा पिगचे आजोबा?

अनघा: तोच. २००४ पासून ग्रँडपा पिग. 'बेन अँड हॉली'तला वाइज ओल्ड एल्फही तोच. २०१५ ला 'थंडरबर्ड्स आर गो' नव्याने आलं तेव्हा आपल्याच जुन्या भूमिकेत एकटा ग्रॅहम परतला, पुन्हा पार्कर म्हणून, वयाच्या ८९ व्या वर्षी. जन्म जुलै १९२५, सप्टेंबर २०२४ मध्ये ९९ व्या वर्षी गेला. सुरुवात काय, तर युद्धात हवाई दलात रडार मेकॅनिक!

रेवती: अगं बाई! आमच्याकडे दिवसभर तोच बोलत असतो म्हणजे.

वैद्य: गाडी अजून तिथेच आहे. नऊ वाजून दहा मिनिटं झाली.

सचिन: हो हो, माझ्या मेव्हण्याची आहे. काढतोय.

वैद्य: धन्यवाद. एवढं आधी सांगितलं असतंत तर.

मेघना: बरं, सर्वांसाठी: प्रश्न १४ ला ग्रॅहम या नावालाही अर्धा गुण. फ्लॅट ३ आणि फ्लॅट ५ चं टेबल संयुक्त पहिलं. ट्रॉफी एकच आहे, आपसात ठरवा.

देशपांडे: संयुक्त? आम्ही हॉकिन्स लिहिलं होतं, आमचा पूर्ण गुण होता!

रेवती: वाद पुरे. दिवाळीच्या स्किटमध्ये मुलांना डालेक करायचाय. फोनच्या ॲपमधला 'रोबो' आवाज मेल्या डब्यासारखा येतोय. काय करू?

अनघा: ॲप सोड. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनी विभागातल्या ब्रायन हॉजसनने रिंग मॉड्युलेटर, म्हणजे दोन लहरींचा गुणाकार करणारं यंत्र, वापरला होता. लॅपटॉपवर आवाजाच्या ट्रॅकला ३० हर्ट्झच्या साइन लहरीने गुणायचं. ट्रेमोलो लावू नकोस, त्यात आवाज फक्त कमी-जास्त होतो. गुणाकारात मूळ स्वर मिटतो आणि दोन नवे येतात, २०० हर्ट्झचे १७० आणि २३०. तीच ती घरघर. १५० हर्ट्झच्या वर गेलीस तर घंटेसारखं वाजेल, शब्द कळणार नाहीत. मूळ आवाज सोबत गळू देऊ नकोस, नाहीतर मागे पोरगं बोलतंय हे ऐकू येतं.

रेवती: आणि बोलायचं कसं?

अनघा: यंत्र निम्मंच काम करतं. एका पट्टीत, अक्षर तोडून, स्वर ओढून, वाक्याच्या शेवटी चढत. "नष्ट करा" नको. ३० हर्ट्झला आवाज सेकंदात ६० वेळा शून्यावर येतो, 'ष्ट'चा फटका त्यात बुडतो. "ना-य-ना-ट" घे. आणि हॉलमध्ये थेट माइकवर करू नका, स्पीकरचा आवाज माइकात शिरून शिट्टी वाजेल. आधी रेकॉर्ड करा, मुलांना त्यावर दिवा लुकलुकवायची तालीम द्या.

रेवती: माइक कोणाकडे आहे?

देशपांडे: माझ्याकडे. पण आधी ट्रॉफीचं ठरू दे.

जोशीकाका: ट्रॉफी ठेवा तुम्ही. शनिवारी चार वाजता माइक खाली आणा. वायर लांब आणा, मागच्या वेळी पुरली नव्हती.