इझुमोचं जुनं ताइशा स्टेशन: कसं जायचं, काय बघायचं?

फलाट_क्र_१: जपानमधल्या इझुमो ताइशा या शिंतो देवस्थानाला जाणार आहोत. तिथलं लाकडी स्टेशनही बघायचंय. ओकायामाहून रेल्वे पासवर थेट जाता येईल का? नकाशावर ताइशा नावाची दोन स्टेशनं दिसतात.

रुळावरून: थेट नाही. ओकायामाहून याकुमो एक्सप्रेसने ‘इझुमोशी’ या स्टेशनला, साधारण तीन तास. 2024 पासून तिच्या सगळ्या सीट आरक्षित आहेत, तेव्हा पास असला तरी सीट नंबर घ्यावाच लागतो. इझुमोशीला बाहेर पडून शेजारच्या इचिबाता रेल्वेच्या स्टेशनात जा. ही खाजगी कंपनी, तिथे जेआर (जपान रेल्वे) पास चालत नाही. बहुतेक गाड्यांसाठी कावातोला गाडी बदलायची आणि इझुमो ताइशा-माए या शेवटच्या स्टेशनला उतरायचं.

तोक्योहून सनराइज इझुमोने येणार असाल तर डबा नीट बघून चढा: 8 ते 14 इझुमोचे, 1 ते 7 ताकामात्सुकडे जाणारे. ओकायामाला गाडी दुभंगते.

कौलारू: दोन स्टेशनांचा घोळ बऱ्याच जणांचा होतो. ताइशा-माए 1930 चं, पाश्चात्त्य धाटणीचं, रंगीत काचांच्या खिडक्यांचं, आणि ते चालू आहे. तुम्हाला हवंय ते जुनं ताइशा त्याच्या दक्षिणेला, पायी पंधराएक मिनिटांवर. देवळाकडे पाठ करून मोठ्या काँक्रीटच्या तोरीखालून (शिंतो देवळाची कमान) सरळ चालत राहा.

जुन्या ताइशाला येणारा 7.5 किलोमीटरचा रेल्वे फाटा 1912 मध्ये सुरू झाला. आताची इमारत 1924 ची. 31 मार्च 1990 ला शेवटची गाडी धावली आणि 2004 मध्ये इमारतीला राष्ट्रीय महत्त्वाच्या वारशाचा दर्जा मिळाला. फाटा बंद पडण्यामागे मोटारींचा वाटा मोठा, पण इचिबाताचं स्टेशन देवळाच्या जास्त जवळ होतं हेही विसरू नका.

आत गेल्यावर आधी वर बघा. उंच छत आणि त्यावरून लोंबणारे कंदिलाच्या घाटाचे दिवे. तिकीटघर भिंतीत नाही, दालनाच्या मधोमध लाकडी चौकटीत उभं आहे. मग बाजूला जा. यात्रेकरूंचे जथे मुख्य दालनात न अडकता बाहेर पडावेत म्हणून तिथे वेगळी, रुंद फाटकं केलेली आहेत. माझ्या मते या वास्तूतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच, आणि नेमकी तीच लोक न बघता निघून जातात. आवारात डी51 774 हे वाफेचं इंजिनही ठेवलंय.

रुळावरून: एक राहिलं. इमारतीच्या जतनाचं मोठं काम 2021 मध्ये हाती घेतलं गेलं, त्यामुळे जुन्या ब्लॉगांवरच्या वेळांवर जाऊ नका. आत प्रवेश आहे का, हे निघण्याआधी इझुमो नगरपालिकेच्या संकेतस्थळावर बघा. जड सामान इझुमोशीच्या लॉकरमध्येच टाका.

फलाट_क्र_१: आभार. देवळात टाळ्या चार वाजवायच्या ना?

कौलारू: हो. दोनदा वाकून नमस्कार, चार टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार. बहुतेक शिंतो देवळांत टाळ्या दोनच असतात.