गच्चीजवळून गेलेली 132 केव्हीची तार: हलायचं कोणी, तिने की आम्ही?

उत्तर नागपूरकर
आमच्या लेआउटमधून 132 केव्हीची, म्हणजे 1 लाख 32 हजार व्होल्टची विजेची लाइन जाते. माझं घर दुमजली आहे. वरच्या गच्चीच्या कठड्यापासून सर्वांत जवळची तार नजरेने दोन-अडीच मीटरवर वाटते. पावसाळी रात्री तिची चरचर खोलीत ऐकू येते. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला हात लावला की बोटांना मुंग्या येतात.

प्लॉट घेतला तेव्हा विकणारा म्हणाला, "लाइन दोन वर्षांत निघणार." ती निघाली नाही. आम्ही विकास शुल्क भरलं, नियमितीकरणाचं पत्र मिळालं, घरटॅक्स भरतो. आणि आता हाती नोटीस आहे की वरचं बांधकाम काढा. ज्या यंत्रणांनी आमच्याकडून पैसे घेतले, रस्ता दिला, मीटर दिलं, त्यांना तेव्हा ही तार दिसली नव्हती का? माझं म्हणणं सरळ आहे. वस्ती आता तिथेच राहणार. लाइन हलवा किंवा जमिनीखालून न्या, आणि तेही सरकारी खर्चाने.

पारेषणवाला
तुमचा राग समजतो, पण मागणी मला पटत नाही. कोराडीच्या वीज केंद्राचा पहिला संच 1974 चा. तिथून शहराकडे येणाऱ्या जुन्या लाइनी शेतांतून टाकल्या होत्या. घरं नंतर तारांखाली आली. आणि अंतराचा नियम काही नवा नाही, 1956 च्या भारतीय वीज नियमांतच तो होता. 33 केव्हीला उभं अंतर 3.7 मीटर आणि आडवं 2 मीटर, मग पुढच्या प्रत्येक 33 केव्हीला 0.3 मीटर वाढवायचे. म्हणजे 132 केव्हीला उभं 4.6 आणि आडवं 2.9. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 आणि 2023 च्या विनियमांतही हाच हिशेब आहे. लाइनजवळ बांधायचं असेल तर आधी वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना लेखी कळवावं लागतं. तुम्ही कळवलं होतं का?

उत्तर नागपूरकर
नाही. आमच्या लेआउटमध्ये कोणीच कळवलं नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. 1200 फुटांचा प्लॉट घेणारा माणूस रजिस्ट्री बघतो, सातबारा बघतो. विद्युत निरीक्षक नावाचं कार्यालय असतं हे मला नोटीस वाचून कळलं.

निवृत्त लाइनमन
भाऊ, कायद्याचं नंतर पाहू. तुम्ही दोन-अडीच मीटर म्हणता ना, ते कोणत्या महिन्यात पाहिलं? थंडीत पाहिलं असेल तर ते खरं अंतर नव्हे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, सगळ्या शहराचे कूलर-एसी सुरू असतात, तारेवर भार चढतो. तार तापली की लांबते आणि झोळ वाढतो. दोन टॉवरच्या मधोमध तर ती चांगलीच खाली येते. त्यात वादळ आलं की आडवी झुलते. म्हणूनच नियमात अंतर मोजायचं ते सर्वांत जास्त झोळ आणि वाऱ्याने सर्वांत जास्त झुकलेली तार धरून.

दुसरी गोष्ट. घरातल्या वायरीवर प्लास्टिक असतं. हिच्यावर काही नाही, मधली हवा हेच तिचं आवरण. तिला हात लावावा लागत नाही. पुरेसं जवळ गेलं की ती स्वतःच झेप घेते. मी नोकरीत जळालेली माणसं उचलली आहेत. त्यातल्या बहुतेकांनी तारेला हात लावलाच नव्हता. कोणी गच्चीवर लोखंडी सळई उभी करत होता, कोणी पतंग काढत होता. तुमच्या बोटांच्या मुंग्या तारेच्या विद्युत क्षेत्रामुळे येतात. त्या मुंग्यांनी जीव जात नाही, पण त्या तार किती जवळ आहे ते सांगतात.

दोन लेकरांची आई
2017 विसरलात का सगळे? इथेच, नागपुरात, अकरा वर्षांची जुळी भावंडं घराजवळच्या उच्चदाब तारेने गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा कुठे कोणत्या गच्च्या किती जवळ आहेत याची मोजणी झाली. पारेषणवाले दादा, "घरं नंतर आली" हे त्या आईला सांगाल का? लाइन आधीची होती म्हणता, मग तिच्याखाली पाया खोदला जात असताना दर वर्षी गस्त घालणाऱ्यांनी काय पाहिलं?

आणि मला कॅन्सरचीही भीती वाटते. आमचं घर तारेपासून चाळीस-पन्नास मीटरवर आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी या लाइनींचा संबंध आहे असं ऐकते. मला खरं काय ते हवंय.

पारेषणवाला
ताई, गस्तीचा तुमचा मुद्दा मान्य. अहवाल जात होते, पण बांधकाम थांबवायचा अधिकार दुसऱ्याकडे, आणि कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहिले. त्याची लाज वाटायलाच हवी.

कर्करोगाचं सांगतो. हा संशय 1979 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या अभ्यासातून पुढे आला. 2000 मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा जिथे घरात विजेच्या प्रवाहामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र सरासरी 0.3-0.4 मायक्रोटेस्लाच्या वर होतं, तिथल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसलं. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये या क्षेत्रांना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवलं. पण ते नेमकं कशाने होतं, हे प्रयोगशाळेत सापडलेलं नाही. ब्रिटनच्या 2005 च्या अभ्यासात धोका 600 मीटरपर्यंत दिसला, जिथे लाइनचं क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. पुढे 2014 मध्ये तोच अभ्यास वाढवला, तेव्हा 1980 नंतरच्या दशकांत तो जादा धोका दिसेनासा झाला.

दोन लेकरांची आई
म्हणजे सिद्ध झालं नाही, आणि खोटंही ठरलं नाही. मुळात आजार लाखात मोजक्या मुलांना होतो हे मलाही कळतं. पण ज्या आईचं मूल त्या मोजक्यांत असेल, तिला तो हिशेब काय कामाचा? निदान नव्या लाइनी तरी शाळा आणि घरांपासून लांब न्या.

पारेषणवाला
नव्या लाइनींबाबत तुमच्याशी सहमत. फक्त एक सांगतो, चुंबकीय क्षेत्र केव्हीवर नाही, तारेतून किती प्रवाह जातो त्यावर ठरतं, आणि अंतराबरोबर झपाट्याने घटतं. खात्री करायची तर घरात मोजून घ्या, उन्हाळ्याच्या संध्याकाळी. भीतीपेक्षा आकडा बरा.

कामठी तालुक्यातला शेतकरी
शहरवाले लाइन हलवा म्हणतात, तेव्हा ती कुठे जाणार? आमच्या वावरात. 132 केव्हीला 27 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. त्यात झाड वाढू द्यायचं नाही, घर बांधायचं नाही. 2015 च्या केंद्राच्या सूचनांत टॉवरखालच्या जमिनीला किमतीच्या 85 टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त 15 टक्के भरपाई होती. जून 2024 मध्ये ते 200 आणि 30 टक्के केले. कागदावर बरं झालं. पण संत्र्याची बाग गेली की तीस टक्क्यांत ती परत लागत नाही. आधी आमचं ऐका, मग शहराचं बघा.

उत्तर नागपूरकर
दादा, तुमच्या वावरात टाका असं मी म्हणत नाही. जमिनीखालून न्या म्हणतो. मुंबईत 220 केव्हीच्या केबली रस्त्याखालून गेल्या आहेत. मग विदर्भात का नाही? वीज इथे तयार होते. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची लाइन आपण 1999 पासून बघतोय. राख आपल्याकडे, धूर आपल्याकडे, आणि केबलचा विषय निघाला की खर्च आठवतो.

पारेषणवाला
खर्च कित्येक पट होतो हे खरंच आहे, आणि बिघाड झाला तर केबल शोधून, खोदून, सांधायला दिवस नाही, आठवडे लागू शकतात. वरची लाइन कित्येकदा काही तासांत उभी राहते. पण जिथे वस्ती इतकी दाट आहे की घरं हलवणं शक्य नाही, तेवढ्या टप्प्यापुरती केबल मी स्वतः मागेन. फक्त सरसकट सगळीकडे म्हणू नका. आणि ज्याने अंतराच्या आत मजला चढवला, त्याने खर्चात वाटा उचलावा, यावर मी ठाम आहे.

उत्तर नागपूरकर
वाटा उचलू. पण ज्याने खोटं सांगून प्लॉट विकला आणि ज्याने पत्र दिलं, त्यांनीही उचलावा. एकट्या घरवाल्याने नाही. उद्या टेप घेऊन वर जातो आणि अंतर मोजतो.

निवृत्त लाइनमन
टेप घेऊन वर जाऊ नका! स्टीलचा टेप वाऱ्याने उडतो, तारेकडे जातो. खालूनही बांबू-बिंबू लावू नका. कंपनीकडे लेखी अर्ज द्या. ते दुरून यंत्राने मोजतात. अर्जाची पोच घ्या, आणि मे महिन्यातलं माप मागा. आज रात्री फक्त दोन कामं करा. कपड्यांची लोखंडी तार उतरवा आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावा.

उत्तर नागपूरकर
काका, तार उतरवली. कुलूप लावलं, चावी बायकोकडे. शेजारच्या चार घरांनाही सांगून आलो. दोघांनी ऐकलं. तिसऱ्याचा पोरगा गच्चीवरच होता, त्याला हाक मारून खाली बोलावलं. चौथ्याचं घर बंद आहे, सकाळी जाईन. अर्ज सोमवारी पाचही घरांचा एकत्र देतो.