शेवटची रेस, कन्नड घाट: गिअर आणि चेनचं काय?

तापीकाठ: आमच्या सायकल रायडरची ही निवृत्तीची रेस. धुळे–चाळीसगाव–कन्नड घाटमाथा, मे महिन्यात. कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) ११-२८ आहे, म्हणजे लहान चक्राला ११ दात, मोठ्याला २८; ११-३२ बसवू का? चेनही जुनी आहे.

घाटमाथा: ३२ बसव, पण आधी डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा भाग) बघ. शिमानोच्या अल्टेग्रा आर८००० डिरेलरचं शॉर्ट केज (चेन ताणून धरणारा खालचा दांडा, आखूड) ३० दातांपर्यंतच घेतं, त्यापुढे मिडियम केज लागतं. चेनची लांबीही नव्याने मोजावी लागते. कापून आखूड झाली तर मोठ्या-मोठ्या गिअरवर (पुढचं-मागचं दोन्ही चक्र मोठं) अडकून डिरेलरच मोडतं. चेन किती ताणली ते चेन गेजने (मापपट्टीने) माप. ११ स्पीडला (मागे ११ चक्रं) ०.५ टक्के ताणली की बदल. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन नको, चढावर जोर लागला की दात सोडते. दोन्ही सोबतच बदल, रेसच्या निदान आठवडाभर आधी. गिअरच्या केबलही नव्या टाकल्या तर त्या बसल्यावर सैल पडतात, पुन्हा ताणाव्या लागतात.

बाभूळबन: भो, टायर विसरू नको! ट्यूबलेस असेल तर सीलंट (आतला पंक्चर बुजवणारा द्रव) उन्हाने वाळतं, आदल्या आठवड्यात ३०-४० मिली भर. २५ मिमी टायर, ७० किलोचा रायडर: हवेचा दाब ८० पीएसआयच्या आसपास पुरे.

घाटमाथा: पाणी तासाला पाऊण ते एक लिटर, मीठ घालूनच. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. आणि रेसनंतर सराव एकदम बंद नको, दीड-दोन महिन्यांत हळूहळू उतरव. खाणंही त्याच बेताने कमी. जेवण तेवढंच ठेवलं की वजन भराभर चढतं.

तापीकाठ: केज शॉर्टच निघालं. मिडियम मागवतो.