ग्रेलॉग क्लस्टर : पाच सर्व्हरांत लीडर, मॅनेजर आणि डेटा ही कामं कशी वाटायची?

उद्यमबाग_आयटी:
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मुख्य ऑफिस, शिवाय निपाणी व खानापूरला एकेक युनिट. फायरवॉल, स्विच, विंडोज सर्व्हर, ईआरपी मिळून रोज साधारण २० जीबी लॉग. लॉग गोळा करून बघायला ग्रेलॉग, ते साठवायला-शोधायला ओपनसर्च २ आणि ग्रेलॉगच्या सेटिंगसाठी मोंगोडीबी. मशीन पाच : तीन ३२ जीबी रॅम व ५०० जीबी एसएसडीची, दोन १६ जीबी रॅम व २५० जीबीची. ओपनसर्च पाचहीवर आहे आणि नोड.रोल्सची (कुठल्या नोडनं, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीननं, काय काम करायचं ते सांगणारी) ओळ कुठेच लिहिलेली नाही. ग्रेलॉग दोन छोट्यांवर, मोंगो दोन मोठ्यांवर.

लीडर असलेलं ग्रेलॉग मशीन रॅम बदलायला बंद आहे. लॉग येतायत, सर्चही चालतोय, पण ३० दिवसांपूर्वीचे इंडेक्स (ओपनसर्चमधले लॉगचे साठे) उडत नाहीत. चालू असलेल्या छोट्या मशीनची डिस्क ९० टक्क्यांवर गेलीय, मोठ्यांवर मात्र जागा आहे. असं का? आणि कुणावर काय ठेवावं?

टिळकवाडी_लिनक्स:
सर, इथे तीन वेगवेगळे मुकादम आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. ग्रेलॉगचा लीडर, ओपनसर्चचा क्लस्टर मॅनेजर, मोंगोचा प्रायमरी. मागचे दोघे मतदानानं निवडले जातात, ग्रेलॉगचा लीडर तुम्ही कॉन्फिगमध्ये नेमता. लीडर गेला म्हणून लॉग घेणं थांबत नाही, ते काम प्रत्येक ग्रेलॉग नोड करतो. थांबतात ती देखभालीची कामं : इंडेक्स रोटेशन (नवा इंडेक्स सुरू करणं) आणि जुने इंडेक्स काढणं. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

आत्ता चालू असलेल्या ग्रेलॉगवर इज_लीडर = ट्रू करून सर्व्हिस रिस्टार्ट करा. बंद मशीन परत येण्याआधी त्याच्यावर फॉल्स करून ठेवा. दोन्हीकडे ट्रू ठेवणं हा बॅकअप नव्हे. नंतर उठणारा नोड आधीचा लीडर बघून लीडरशिवाय सुरू होतो आणि चुकीच्या कॉन्फिगची तक्रार लॉगमध्ये टाकतो, पण पहिला पडल्यावर आपण होऊन जागा घेत नाही. नव्या आवृत्त्यांत लीडर_इलेक्शन_मोड = ऑटोमॅटिक आहे. त्यात मोंगोमधल्या लॉकवरून लीडर ठरतो. मात्र त्याला मोंगो धड हवा, आणि दोन सदस्यांचा मोंगो धड नसतो. एक पडला की बहुमत जातं आणि उरलेला प्रायमरी राहू शकत नाही. तिसरा सदस्य उरलेल्या ३२ जीबीवाल्यावर टाका. ग्रेलॉगची साठवण मोंगोत फारशी नसते, भार जाणवणार नाही. मोंगोडीबी_यूआरआयमध्ये तिघांचीही नावं आणि रेप्लिका सेटचं (या तिघांच्या गटाचं) नाव लिहा.

छोटी डिस्क आधी का भरली, तर ओपनसर्च शार्ड (इंडेक्सचे तुकडे) वाटताना मुख्यतः संख्या बघतं, डिस्कचा आकार नाही. ८५ टक्क्यांला त्या नोडवर नवे शार्ड बंद, ९० ला असलेले हलवायला लागतं, ९५ ला त्या नोडवरच्या इंडेक्सांना लिहिण्याची बंदी. म्हणून १६ जीबीवाल्यांवरून ओपनसर्च काढा आणि तीन मोठ्यांवर स्पष्ट लिहा :

नोड.रोल्स: [क्लस्टर_मॅनेजर, डेटा, इन्जेस्ट]

ओळ न लिहिणं आणि कंस रिकामा ठेवणं यात फरक आहे. ओळ नसेल तर नोड ही सगळी कामं करतो. कंस रिकामा असेल तर एकही नाही, फक्त विनंत्या पुढे पाठवतो.

पण काढण्याआधी हिशेब बघा. २० जीबी, ३० दिवस, एक रेप्लिका (जादा प्रत) म्हणजे १२०० जीबी (इंडेक्सचा आकार कच्च्या लॉगएवढा धरून). तीन डिस्कांवर ४०० प्रत्येकी, म्हणजे ८० टक्के. वर वर बसतंय, पण एक नोड गेला की उरलेल्या दोघांवर ६०० येणार, आणि डिस्क ५०० ची. ८५ टक्क्यांच्या आत दोघांवर मिळून ८५० मावतात, म्हणजे २१ दिवस. रोज एक इंडेक्स आणि जास्तीत जास्त २१ इंडेक्स असं ठेवा. लीडर जुने उडवील, मगच छोटे नोड रिकामे करा.

रिकामं करताना क्लस्टर.रूटिंग.ॲलोकेशन.एक्सक्लूड._नेम मध्ये नोडचं नाव द्या, त्याच्यावर शून्य शार्ड उरल्यावर सर्व्हिस बंद करा. एकाचं पूर्ण झालं, क्लस्टर ग्रीन (सगळे शार्ड जागेवर) दिसला, की दुसरा. दोन्ही एकदम ओढू नका, मॅनेजरच्या मतदार यादीला आकसायला वेळ लागतो. शेवटी ग्रेलॉगच्या इलॅस्टिकसर्च_होस्ट्समध्ये तिन्ही मोठ्यांचे पत्ते आहेत ना बघा.

निपाणी_नेटवर्क:
वरचं बरोबर. युनिटांबद्दल सांगतो. मॅनेजर किंवा डेटा नोड निपाणीला ठेवायचा मोह टाळा. लिंक डळमळली की तो नोड क्लस्टरमधून आत-बाहेर करत बसतो आणि प्रत्येक वेळी शार्डची उचलाठेव. युनिटात फक्त आरसिसलॉग (लॉग पुढे पाठवणारा प्रोग्राम) ठेवा, डिस्क रांगेसह : क्यू.टाइप लिंक्डलिस्ट, क्यू.फाइलनेम द्यायलाच हवं (नाहीतर रांग नुसती मेमरीत राहते), क्यू.मॅक्सडिस्कस्पेस ५ जीबी, क्यू.सेव्हऑनशटडाउन ऑन, ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट उणे १. प्रोटोकॉल टीसीपी. यूडीपीवर पलीकडे कुणी नसलं तरी पाठवणाऱ्याला पत्ता नसतो. पोर्ट १५१४ घ्या, ग्रेलॉग रूट नसल्यानं ५१४ बांधू शकत नाही.

आणि ग्रेलॉगचं इनपुट (लॉग घेणारं दार) ग्लोबल, म्हणजे सगळ्या ग्रेलॉग नोडवर, केलंय ना? नसेल तर ते एकाच ग्रेलॉगवर उघडतं, दुसरा नुसता बसून राहतो. समोर लोड बॅलन्सर असेल तर /एपीआय/सिस्टिम/एलबीस्टेटस वर तपासणी लावा.

उद्यमबाग_आयटी:
आभार. लीडर बदलला, जुने इंडेक्स उडायला लागले. दोन शंका. तिसरा मोंगो प्रॉक्समॉक्सवरच्या व्हीएममध्ये (आभासी मशीनमध्ये) टाकून बघितला तर सुरू होतानाच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो. आणि १६ जीबीवर ओपनसर्चचा रिकाम्या कंसवाला नोड ठेवून काही फायदा?

शहापूर_सिस्टिम:
मोंगो ५ पासून प्रोसेसरला एव्हीएक्स (सूचनांचा एक जादा संच) लागतं. व्हीएमचा सीपीयू टाइप केव्हीएम६४ असेल तर तो होस्ट करून बंद-चालू करा. होस्टच जुना असेल तर तिथे नाही चालणार. आणि ते व्हीएम नेमकं कुठल्या डब्यात आहे ते बघा ओ. तीन मतदारांपैकी दोन एकाच होस्टवर असतील तर कागदावर तीन, प्रत्यक्षात एकच. यूपीएसचंही तेच. तीन मॅनेजर दोन यूपीएसवर वाटले तर एकीकडे दोन येणारच, आणि लाईट गेल्यावर तोच यूपीएस आधी बसला तर क्लस्टर थांबला. तिसऱ्याला वेगळा यूपीएस द्या, छोटा चालेल.

रिकामा नोड रोज २० जीबीला नको. ती रॅम ग्रेलॉगला द्या, ४ जीबी हीप (जावासाठी राखलेली रॅम) पुरे. मोठ्यांवर ओपनसर्चला १५-१६ जीबी, एक्सएमएस आणि एक्सएमएक्स (हीपची सुरुवातीची व कमाल मर्यादा) सारखे. उरलेली फाइल कॅशला लागते, ती मोकळी दिसली म्हणून हीप वाढवू नका.

ग्रेलॉगच्या जर्नलकडे (ओपनसर्चला देण्याआधी संदेश डिस्कवर थांबतात ती जागा) कुणी बघत नाही. मूळ मर्यादा ५ जीबी आणि १२ तास. ओपनसर्चनं लिहिणं बंद केलं आणि एकच ग्रेलॉग चालू असेल तर २० जीबीच्या वेगानं ते ६ तासांत भरतं, मग जुन्यातले जुने संदेश जातात. रविवार धरून ३० जीबी आणि ४८ तास करा. दोन्ही आकडे वाढवा, एक वाढवून उपयोग नाही.

ओपनसर्चवर ॲक्शन.ऑटो_क्रिएट_इंडेक्स फॉल्स हवंच, नाहीतर ग्रेलॉग_डिफ्लेक्टर (जे नुसतं टोपणनाव असायला हवं) नावाचा खराच इंडेक्स तयार होतो आणि रोटेशन अडतं. पासवर्ड_सीक्रेट दोन्ही ग्रेलॉगवर तेच ठेवा. एचटीटीपी_पब्लिश_यूआरआय १२७.०.०.१ वर राहिलं असेल तर नोड्सच्या पानावर दुसऱ्याची माहिती येत नाही.

राहिले १८० दिवस. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग तेवढे ठेवावे लागतात, आणि इथे तर २१ चेच मावतायत. बाकीचे ओपनसर्चमध्ये कोंबू नका. ऑफिसातल्या एका आरसिसलॉगवरून रोजची फाइल वेगळ्या एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवण पेटीवर), जीझिप करून. किती जागा लागेल ते आपल्याच एका दिवसाची फाइल दाबून मोजा, फायरवॉलचा लॉग आणि ईआरपीचा लॉग सारखा दबत नाही.