मदत हवी आहे: एसआयडीमधील मधली उंची माझ्या हातून वारंवार ओलांडली जाते

सप्रेम नमस्कार.

मी मूळची वेंगुर्ल्याची असून सध्या एअरबस ए 320 चे टाइप रेटिंग (त्या विमानासाठीचे वैमानिक प्रशिक्षण) करत आहे. दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत घरी आले आहे आणि एक अडचण सुटत नसल्यामुळे येथील जाणकारांना विचारत आहे.

उड्डाणानंतर ठरलेल्या मार्गाने, म्हणजे एसआयडीने, चढताना काही वेपॉइंटवर (मार्गावरच्या ठरावीक बिंदूंवर) उंचीची मर्यादा छापलेली असते आणि ती पाळूनच पुढे चढायचे असते. गेल्या दोन्ही सिम्युलेटर सत्रांत हीच मर्यादा माझ्याकडून मोडली. दुसऱ्या वेळी कंट्रोलरकडून परवानगी मिळाली होती ती ‘एसआयडीने चढा, लेव्हल 100 पर्यंत’ (म्हणजे 10000 फुटांपर्यंत) अशी, आणि वाटेत एका वेपॉइंटवर 4000 फुटांच्या वर जायचे नव्हते. मी रीडबॅक (परवानगी परत म्हणून दाखवणे) बरोबर दिला, एफसीयूवर, म्हणजे ऑटोपायलटला उंची-दिशा देण्याच्या पॅनेलवर, 10000 लावले, आणि मग हाताच्या सवयीने उंचीची घुंडी बाहेर ओढली. वास्तविक विमान आधीच मॅनेज्ड क्लाइंबमध्ये, म्हणजे मार्गावरच्या मर्यादा स्वतः पाळत चढण्याच्या अवस्थेत, होते, त्यामुळे नुसता आकडा बदलणे पुरेसे होते. घुंडी ओढल्यावर ओपन क्लाइंब लागला आणि त्यात एफएमएसमधल्या (विमानाच्या मार्ग-संगणकातल्या) उंचीच्या मर्यादा विमान जुमानत नाही. समोरच्या पट्टीवरचे ‘एएलटी’ हे अक्षर मॅजेंटा रंगाचे होते ते निळे झाले, म्हणजे आता आपले लक्ष्य 4000 नसून 10000 आहे हे विमानाने मला स्पष्ट सांगितले होते. मी ते वाचलेच नाही. प्रशिक्षकांनी सिम्युलेटर थांबवला तेव्हा आम्ही 4400 वर होतो.

युरोकंट्रोल या युरोपीय हवाई वाहतूक संस्थेच्या व्याख्येत मंजूर उंचीपासून 300 फुटांपेक्षा जास्त फरक पडला की त्याला लेव्हल बस्ट म्हणतात. मिनिटाला 3000 फूट वेगाने चढणाऱ्या विमानाला तेवढे चढायला सहा सेकंद लागतात. एवढ्या वेळात माझे वाक्यही पुरे होत नाही.

अशी चूक फक्त शिकाऊ माणसांकडून होते असेही नाही. अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या शेजारच्या टेटरबरो विमानतळावर ‘रूडी’ नावाची एसआयडी आहे, जिच्यात आधी 1500 फुटांवर थांबून वेंट्झ हा बिंदू ओलांडायचा आणि त्यानंतरच 2000 फुटांवर जायचे असते. न्यूअर्कला उतरणारी विमाने तिथे डोक्यावरूनच जात असतात, तरीही अनुभवी वैमानिक थेट 2000 वर गेल्याचे प्रकार वारंवार घडले आहेत. मला त्यांची मनःस्थिती नीट समजते, कारण शेवटचा आकडा मिळाला की मधला आकडा मनातून पुसला जातो.

घरी सराव म्हणून मी परवानग्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून काढल्या आहेत. संध्याकाळी आई ओसरीवर बसून त्या वाचते आणि मी उतरवून घेते. परवा तिने माझी वही पाहिली आणि म्हणाली, “मी दोन आकडे सांगलंय, तू एकच कित्याक लिवलंस?” विमानातले तिला काही कळत नाही, पण माझा रोग तिने प्रशिक्षकांपेक्षा आधी ओळखला.

माझे प्रश्न असे आहेत. एफसीयूवर शेवटची उंची लावावी की पुढची मर्यादा? कंट्रोलरने मध्येच दुसरे हेडिंग (उडण्याची दिशा) दिले तर छापील मर्यादा उरतात की जातात? आणि तिसरा प्रश्न आपल्याकडच्या पावसाळ्याचा आहे: क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला स्थानिक हवेचा दाब) 1003 असताना, ट्रान्झिशन ऑल्टिट्यूड (जिच्यावर सगळेच उंचीमापकावर 1013 हा प्रमाण दाब लावतात ती उंची) ओलांडताना 1013 लावायचे राहिले, तर नेमका किती फरक पडतो?

प्रतिसाद (सडा_आणि_समुद्र):

मी निवृत्त वैमानिक आहे, माझे घर मालवणात आहे. तुमचा तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलला सुमारे 28 फूट धरा. दहाचा फरक म्हणजे जवळजवळ 280 फूट, आणि तुम्ही लेव्हलच्या तेवढ्या वर जाऊन स्थिरावाल. म्हणजे बाकी काहीही न चुकता तुम्ही लेव्हल बस्टच्या उंबरठ्यावर उभ्या असाल.

एफसीयूबाबत तुमच्या कंपनीची कार्यपद्धती हाच अंतिम शब्द आहे. साधारणपणे मॅनेज्ड क्लाइंब चालू असून मर्यादा एफएमएसमध्ये नकाशाशी ताडून पाहिल्या असतील, तर मंजूर झालेली शेवटची उंची लावतात. ओपन क्लाइंब किंवा व्हर्टिकल स्पीडमध्ये (ठरवलेल्या वेगाने चढण्याच्या अवस्थेत) असाल तर पुढची मर्यादा लावणे सुरक्षित. घुंडीला हात लावल्यावर मात्र पट्टीवरची अक्षरे आणि त्यांचा रंग मोठ्याने वाचल्याशिवाय हात मागे घेऊ नका.

हेडिंगविषयी: आयसीएओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) 2016 पासूनच्या पद्धतीनुसार कंट्रोलरने तुम्हाला एसआयडीवरून बाजूला नेले, तर तिच्यावरच्या छापील मर्यादा रद्द होतात आणि मंजूर उंची त्याने पुन्हा सांगायची असते. पण एसआयडीवरच्याच पुढच्या बिंदूकडे थेट पाठवले, तर फक्त वगळलेल्या बिंदूंच्या मर्यादा जातात, पुढच्या राहतात. आणखी एक लक्षात ठेवा: ए 320 मध्ये तुम्ही हेडिंगची घुंडी ओढली की मॅनेज्ड क्लाइंब आपोआप ओपन क्लाइंब होतो. शंका आली तर सरळ विचारावे, त्यात कमीपणा नाही. 1996 मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमाने आकाशात आदळून 349 माणसे गेली, ती उतरणारे विमान दिलेल्या 15000 फुटांच्या खाली आल्यामुळे. दिल्लीहून निघालेले विमान 14000 वर होते.

धागाकर्ती:

मनःपूर्वक आभार. हेडिंग ओढल्यावर क्लाइंबही बदलतो हे मी पुस्तकात वाचले होते, पण पहिल्या सत्रातली माझी चूक नेमकी तीच होती हे आत्ता तुमचा प्रतिसाद वाचताना ध्यानात आले. तेव्हा पुढच्या ढगातून वाट काढण्यासाठी मी हेडिंग मागून घेतले होते आणि त्यानंतर कंट्रोलरने उंची पुन्हा सांगितली नव्हती, मीही विचारली नव्हती. आजपासून चिठ्ठ्यांमध्ये हेडिंगही घातले आहे. आईला सांगून ठेवले आहे की हेडिंग वाचल्यावर तिने मुद्दाम गप्प राहायचे आणि मी उंची विचारल्याशिवाय पुढची चिठ्ठी उचलायची नाही.